वाळू बसेपर्यंत

आमच्या गावात नळ सोडला की पाणी येतं आणि ते प्यायलं की पोट दुखत नाही. ह्या दोन्ही गोष्टींत माझ्या आत्याचा हात आहे, हे गावातल्या फार तर वीस माणसांना ठाऊक असेल. त्यातली नऊ आमच्याच घरातली, आणि त्या नवांपैकी चौघांना ते अजून पटलेलं नाही.

आत्या जलशुद्धीकरण केंद्रात अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होती. तिची कंट्रोल रूम पहिल्या मजल्यावर. एका बाजूला भिंतभर काच आणि काचेखाली सहा हौद, एकेक शाळेच्या वर्गाएवढा. हौदात कमरेइतकी वाळू, वाळूवर पाणी. पाणी वाळूतून झिरपतं, घाण वाळूत अडकते, खालून स्वच्छ पाणी निघतं. दोन दिवसांत वाळू घाणीने गच्च होते, मग ती धुवावी लागते. आधी खालून हवा सोडायची, म्हणजे वाळू उकळल्यासारखी खदखदते आणि चिकटलेली घाण सुटी होते. मग हवा बंद करून थोडं थांबायचं. मग खालून जोरात पाणी सोडायचं, म्हणजे सुटलेली घाण वर येऊन काठाच्या नालीतून वाहून जाते. एका हौदाला पाऊण तास लागतो.

"थोडं थांबायचं" हे दोन शब्द मी किती सहज लिहून गेलो बघा. ही सगळी गोष्ट त्या दोन शब्दांची आहे.

हे सारं चालायचं एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्यावर चित्रं नाहीत, माउस नाही, काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, की खाली ट्रकच्या चाकाएवढा व्हॉल्व्ह गुरगुरत उघडायचा. एक आकडा चुकला तर भलत्याच हौदाचा उघडायचा. नव्या माणसाला त्या खुर्चीत बसवलं की तो तापलेल्या तव्याला हात लावावा तसा एकेक बोट कीबोर्डला लावायचा. आत्या पडद्याकडे न बघता धडाधड टाइप करायची.

मी तिथला कॉम्प्युटरवाला, कंत्राटदारामार्फत लागलेला. लोक म्हणतात आत्याचा वशिला. वशिला असता तर पहिल्याच दिवशी तिने मला वायरींना चिठ्ठ्या लावायला टेबलाखाली सरपटवलं नसतं, आणि वर फिटरकाकांसमोर "तेवढंच पोट कमी होईल" असं म्हटलं नसतं. फिटरकाका म्हणजे खालच्या व्हॉल्व्हांचे मालक. सरकारदरबारी ते मालक नाहीत, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असते.

सुरुवात झाली दातांच्या डॉक्टरकडे. त्या दिवशी आत्या रजेवर होती. अठ्ठावीस वर्षांत तिची एकही रजा फोनशिवाय गेली नव्हती. मी सोबतीला होतो. ती खुर्चीत आडवी, तोंडात कापूस, जबडा बधिर, आणि फोन वाजला. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर बोलत होता.

"बाई, दोन नंबर धुतोय. हवा बंद केली. पुढची ओळ काय टाकू?"

"आऽआ," आत्या म्हणाली.

"काय?"

"आऽऽआ!"

शेवटी फोन मी धरला. आत्याने हवेत बोटं नाचवून टाइप करून दाखवलं, मी अक्षरं ओळखून सांगितली, आणि गावाचा दोन नंबरचा हौद अशा रीतीने धुतला गेला. डॉक्टर बाजूला हातात पक्कड घेऊन उभे होते. म्हणाले, "झालं का गावाचं? मग आता आपण दाताचं बघू."

बाहेर आल्यावर सुजल्या गालाने ती म्हणाली, "मी मेले तरी हे लोक फोन करतील. आणि उचलला नाही म्हणून नावं ठेवतील."

"मग रेकॉर्ड करून ठेव ना सगळं."

"व्हिडिओ? माझे केस बघ कसे झालेत."

"तुझा नव्हे गं, पडद्याचा."

मी तिला दुसऱ्या दिवशी तो छोटासा प्रोग्राम दाखवला. तो चालू केला की तुम्ही काळ्या पडद्यावर जे जे टाइप कराल आणि यंत्र जे जे उत्तर देईल, ते सगळं एका फाइलमध्ये जमा होतं. प्रत्येक अक्षरासोबत वेळही लिहिली जाते. मग ती फाइल चालवली की पडद्यावर तीच अक्षरं त्याच वेगाने उमटतात. जणू कोणी अदृश्य माणूस समोर बसून टाइप करतोय. साध्या व्हिडिओला ढीगभर जागा लागते. ही फाइल एका फोटोपेक्षा हलकी, कारण तिच्यात चित्र नसतंच, नुसती अक्षरं आणि त्यांच्या वेळा.

आत्याला हे आवडलं. इतकं आवडलं की पहिल्या दिवशी ती बंद करायलाच विसरली. त्याच दुपारी तिने त्याच पडद्यावर केंद्राच्या मोठ्या साहेबांना द्यायच्या रजेच्या अर्जाचा मसुदा इंग्रजी अक्षरांत टाइप केला होता. कागदावर उतरवलेला अर्ज अत्यंत नम्र होता. पण रेकॉर्डरने नम्र होण्याआधीचाही अर्ज जपून ठेवला होता. मी तो चालवला, तर पडद्यावर आधी "साहेब, तुम्हाला माणुसकी" एवढं उमटलं, मग ते एकेक अक्षर मागे खात पुसलं गेलं, आणि त्या जागी "महोदय, विनंती की" आलं.

"पुसलेलंही राहतं होय रे ह्यात?" आत्याने डोळे मोठे केले.

"सगळं राहतं."

"मग हे यंत्र चांगलं आहे," ती म्हणाली. "आणि ही फाइल आत्ता माझ्यासमोर उडव."

त्यानंतर दीड वर्ष ती रेकॉर्ड करत राहिली. सहा हौद धुणं, औषधाची मात्रा बदलणं, "वीज गेल्यावर", "वीज आल्यावर", आणि ह्या दुसऱ्यापुढे तिने कंसात लिहिलं होतं, "हे जास्त कठीण". एकशे बारा रेकॉर्डिंगं झाली. शिकणाऱ्यासाठी शेजारी दुसरा मॉनिटर मांडला: एकावर रेकॉर्डिंग बघायचं, दुसऱ्यावर काम करायचं. रेकॉर्डिंग इतकं हुबेहूब दिसायचं की एकदा फिटरकाका चहा घेऊन वर आले, पडद्यावर "पाच नंबर, हवा चालू" उमटताना पाहिलं, आणि कप ठेवून शिट्टी फुंकत खाली धावले. पाच नंबर शांत होता. ते तसेच वर आले आणि म्हणाले, "बाई, भूत कोणाचं ते तरी लिहून ठेवा." तेव्हापासून त्या मॉनिटरच्या कपाळावर लाल कागदाची पट्टी आली.

आत्याची निवृत्ती दीड महिन्यावर आली आणि मोठे साहेब जागे झाले. नव्या ऑपरेटरला शिकवायला त्यांनी बाहेरच्या एका एजन्सीचा नमुना मागवला होता. तीन मिनिटांचा व्हिडिओ. मागे संगीत, पडद्यावर उड्या मारणारा बाण, आणि एक गोड आवाज म्हणत होता, "आता पुढचं बटण दाबा." आमच्याकडे बटणच नव्हतं, पण आवाज खरोखर गोड होता.

"बाई, तुमची फिल्म पाऊण तासाची," साहेब म्हणाले. "त्यात कितीतरी वेळ नुसता काळा पडदा. बघणारा झोपेल."

"झोपला तर तो ऑपरेटर नव्हे, साहेब."

साहेबांनी मान हलवली आणि मामला वरच्या कार्यालयात पाठवला. तिथून उत्तर आलं: निरीक्षक येतील. नव्या ऑपरेटरने फक्त रेकॉर्डिंग बघून चार नंबरचा हौद धुवून दाखवायचा. आत्याने खोलीबाहेर बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. जमलं तर तिची रेकॉर्डिंगं केंद्राची अधिकृत शिकवणी म्हणून राहतील. नाही जमलं तर ती बाद, आणि काम एजन्सीला.

आत्या त्या दिवशी घरी जेवताना फारसं बोलली नाही. तिच्या घरात ही बातमीच होती. एजन्सीला काम मिळण्याचं दुःख तिला नव्हतं. पण एकशे बारा फाइली उडवून त्या जागी तो बाण उड्या मारणार, आणि ती गेल्यावर तिने काय केलं ते कोणाला कळणारही नाही, हे तिला गिळवत नव्हतं.

आणि इथे माझी अक्कल चरायला गेली. मला वाटलं, साहेबांचं म्हणणं काय, लांबण फार आहे. मग कमी करू. त्या प्रोग्रामला एक सोय आहे: कुठलाही थांबा दोन सेकंदांहून मोठा ठेवू नको, असं सांगता येतं. मी एकशे बारा फाइलींना ते सांगून टाकलं आणि त्याच नावांनी त्याच जागी परत ठेवल्या. जवळजवळ ऐंशी तासांचा ऐवज सहा तासांत आला. साहेबांनी पाठ थोपटली. आत्याला सांगितलं नाही. म्हटलं, तिला आनंदाचा धक्का देऊ.

धक्का मिळाला. आनंदाचं जमलं नाही.

निरीक्षक येण्याच्या आठ दिवस आधी पहिली तालीम झाली. नवी ऑपरेटर दूध थंड करण्याच्या केंद्रातून आली होती, म्हणून सगळे तिला डेअरीवाली म्हणायचे. तिशीची, कामाला चोख, आणि समोरच्याने सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळणारी. आत्या नियमाप्रमाणे बाहेर बाकावर बसली. डेअरीवालीने लाल पट्टीच्या मॉनिटरवर रेकॉर्डिंग लावलं. हवा चालू. तिने टाइप केलं, खाली वाळू खदखदली. हवा बंद. तिने केली. आणि दोनच सेकंदांत रेकॉर्डिंगमध्ये पुढची ओळ उमटली: पाणी चालू. तिने तीही टाकली.

खालून फिटरकाकांची शिट्टी वाजली ती थांबेचना. बुडबुडे अजून वाळूत होते, वाळू तरंगत होती, आणि तेवढ्यात खालून जोराचं पाणी आलं. घाणीबरोबर वाळूही काठावरून नालीत. आम्ही धावत खाली पोचलो तोवर नाली समुद्रकिनाऱ्यासारखी दिसत होती.

आत्याने पाणी बंद करवलं. मग डेअरीवालीला शांतपणे विचारलं, "तू थांबली का नाहीस गं?"

"ताई, तुम्हीही थांबला नाहीत."

"मी?"

"रेकॉर्डिंगमध्ये. हवा बंद, लगेच पाणी. मी तसंच केलं."

आत्याने वर जाऊन स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं. दोन सेकंद. पुन्हा लावलं. दोन सेकंद. मग ती वळली आणि एकशे बाराही फाइलींची नजर माझ्यावर टाकली.

"माझी सहा मिनिटं कुठे गेली?"

मी सांगितलं. सांगता सांगता मला स्वतःलाच ते पटेनासं झालं.

"तुला ती रिकामी वाटली?"

"पडद्यावर काही नव्हतं गं."

"खाली वाळू होती," ती म्हणाली. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी तिने मला एक फावडं दिलं. नालीतून आठ घमेली वाळू मी परत हौदाशी वाहिली. फिटरकाका काठावर उभे राहून मोजत होते. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात," ते म्हणाले. "तुझ्याकडे तर बैलही नाही. उचल."

घाम पुसत वर आलो तर आत्या चष्म्याच्या डबीतून एक पेनड्राइव्ह काढत होती. सगळ्या मूळ फाइली त्यात होत्या.

"तू प्रत काढून ठेवली होतीस?"

"प्रती काढायच्या हे तू कॉम्प्युटरवाला म्हणून लागलास त्याच दिवशी ठरवलं," ती म्हणाली. "तुला जन्मापासून ओळखते मी."

मला वाटलं, सुटलो. चार नंबर एक दिवसाआड धुतला जातो, तेव्हा तिसऱ्या दिवशी दुसरी तालीम. ह्या वेळी फाइल अस्सल, सहाच्या सहा मिनिटं जागेवर. डेअरीवालीने हवा बंद केली आणि पडद्यावर डोळे रोखून बसली. सहा मिनिटं फक्त एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. रेकॉर्डिंगमध्ये पुढची ओळ आली, तिने ती टाकली, आणि खालून एक छोटीशी शिट्टी आली. आठ घमेली नव्हे, पण अर्धं घमेलं वाळू गेलीच.

साहेब खाली उभे होते. नालीकडे बघून म्हणाले, "बाई, निरीक्षकांसमोर असं झालं तर मला दुसरा इलाज नाही."

मी वर येताच दोन्ही हात वर केले. "ह्या वेळी मी कशाला हात लावला नाही!"

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "ह्या वेळी चूक माझी आहे."

तिने डेअरीवालीला आणि मला समोर बसवलं आणि तेच रेकॉर्डिंग तिघांनी पुन्हा बघितलं. हवा बंद. मग तो लुकलुकणारा ठिपका.

"सांगा, ह्या वेळात मी कुठे आहे?"

"खुर्चीत?" डेअरीवाली म्हणाली.

"काचेशी. मी काचेशी उभी आहे. त्या दिवशी पाणी कोमट होतं, बुडबुडे सहा मिनिटांत निघून गेले. आज पाणी गार आहे, गार पाण्यातून ते सावकाश सुटतात. त्यात चार नंबरच्या डाव्या भिंतीकडे गेल्या महिन्यात नवी वाळू टाकली, ती हवा जास्त वेळ धरून ठेवते. मी कधी घड्याळ बघितलंच नाही. मी वाळू बघते. ती बसली की परत येते." तिने लुकलुकत्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्या रेकॉर्डरला माझी बोटं दिसतात रे. डोळे दिसत नाहीत. आणि दीड वर्ष ते माझ्याही लक्षात आलं नाही."

मी म्हणालो, काचेवर कॅमेरा लावू.

"कॅमेऱ्याला हौद दिसेल. मी हौदात काय बघते ते त्याला कसं दिसेल?"

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती वेळेवर आठवली. त्या काळ्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, दोन उभ्या दोन आडव्या रेघांचं, की यंत्र ती ओळ सोडून देतं. काहीही लिहा, व्हॉल्व्ह हलत नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ येते.

"म्हणजे मी बोलत राहायचं आणि ते लक्षच देणार नाही?"

"हो."

"अगदी तुझ्या बापासारखं," आत्या म्हणाली. "मग जमेल मला. चाळीस वर्षांची सवय आहे."

उरलेल्या पाच दिवसांत तिने हौद धुण्याची सगळी रेकॉर्डिंगं नव्याने केली. चार नंबर मध्ये दोनदाच धुतला जाणार होता. दोन्ही वेळा केलं. कॉम्प्युटरला आपली लिपी येत नव्हती, म्हणून तिने इंग्रजी अक्षरांत आपलीच भाषा लिहिली. काचेशी जायची, बघायची, परत येऊन हॅश टाकायची आणि जे पाहिलं ते लिहायची. मी शेजारी उभा राहून वाचत होतो.

"हवा बंद केली. काचेशी जाते."

"आले. मधले बुडबुडे थांबले. भिंतीकडचे चालू आहेत. भिंतीकडचेच फसवतात."

"पुन्हा गेले. पाणी अजून दुधट. दुधट आहे तोवर हात कीबोर्डला लावू नये."

"फिटरकाका खालून हात करतात. त्याचा अर्थ सगळं ठीक असा घेऊ नये, ते सगळ्यांनाच हात करतात."

"वाळूचा रंग दिसला. तळापर्यंत नजर जाते. बुडबुडा नाही. आता."

आणि मग पाणी चालू.

एका जागी तिने आकडा चुकवला, यंत्राने नकार दिला, तिने खाली लिहिलं: "चुकले. घाबरू नये. यंत्र नाही म्हणालं म्हणजे काही उघडलेलं नाही. पुन्हा लिहावं." मी ते काढू का विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फावडं शोधू लागलो.

निरीक्षक आले ते सकाळी अकराला. उंच, कमी बोलणारे, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांच्याबरोबर साहेब. डेअरीवाली खुर्चीत. आत्याला बाहेर बाकावर बसवलं आणि दार लावलं. दाराला वर एक चौकोनी काच होती. तिथे मी उभा राहिलो, कारण मला बोलू नको असं कोणी म्हटलं नव्हतं.

"हवा चालू झाली," मी सांगितलं.

"ते मला पायाला कळतंय," आत्या म्हणाली. खरंच, जमीन बारीक थरथरत होती. मग ती थांबली.

"हवा बंद."

आत्याने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "उठली का?"

"उठली. काचेशी गेली."

"डाव्या कोपऱ्याकडे बघतेय का?"

"आत्या, मला मागून फक्त वेणी दिसतेय."

"वेणी कुठे वळलीय?"

"डावीकडे."

आतमध्ये डेअरीवाली खुर्चीत येऊन बसली, रेकॉर्डिंगमधली पुढची हॅशची ओळ वाचली, आणि रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा काचेशी गेली. सहा मिनिटं झाली. सात झाली. निरीक्षकांनी घड्याळ बघितलं. दाराच्या फटीतून आवाज येत होता.

"रेकॉर्डिंगमध्ये पुढची ओळ सातव्या मिनिटाला आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब."

"मग कशाची वाट बघताय?"

आत्याने बाकावरून अर्धं अंग उचललं. मी हात आडवा केला.

"भिंतीकडच्या बुडबुड्यांची," डेअरीवाली म्हणाली.

"मला तर पाणी शांत दिसतंय," हे आमचे साहेब.

"तिथून दिसणार नाही, साहेब. इकडे या. तो कोपरा बघा. खालून एकेक मोती सुटतोय."

निरीक्षक काचेशी गेले. मग साहेबही गेले, कारण जाण्यावाचून उपाय नव्हता. तिघांच्या पाठी मला दिसत होत्या, आणि तिघंही खाली वाकून वाळूकडे बघत होते. आठ मिनिटं. नऊ मिनिटं. त्या खोलीत एवढी माणसं एवढा वेळ काही न करता उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काय चाललंय?" आत्या कुजबुजली.

"सगळे तुझ्यासारखे उभे आहेत."

दहाव्या मिनिटाला डेअरीवाली म्हणाली, "आता." खुर्चीत बसली, ओळ टाइप केली, एंटर दाबलं. खाली व्हॉल्व्ह गुरगुरला. पाण्याचा आवाज वाढत गेला. आत्या डोळे मिटून शिट्टीची वाट बघत बसली. मीही. शिट्टी वाजली नाही.

काही वेळाने जिन्यावर पावलं वाजली. फिटरकाका वर येत होते, कोपरापर्यंत ओले. आत्यासमोर उभे राहून त्यांनी दोन्ही तळवे उघडून धरले. "नालीत तळाला हात घालून आलोय, बाई. घाण भरपूर. वाळूचा कण नाही." मग दार ढकलून हेच निरीक्षकांना सांगितलं आणि त्यांच्या घड्याळावर दोन थेंब पाडले.

निरीक्षकांनी घड्याळ पुसलं. मग रेकॉर्डिंग सुरुवातीपासून स्वतः लावलं आणि उभ्याउभ्या वाचू लागले. फिटरकाकांच्या हात करण्याच्या ओळीशी ते किंचित हसले. चुकलेल्या आकड्याशी थांबले. "हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं, आणि साहेबांनी बाकाकडे बोट केलं.

"बाई, आत या," निरीक्षक म्हणाले. "बाकीच्या पाच केंद्रांना ह्याच्या प्रती हव्यात. जशा आहेत तशा. एक थांबासुद्धा कमी करायचा नाही." मग साहेबांकडे वळून, "एजन्सीला कळवा, गरज नाही."

साहेब तत्परतेने म्हणाले, "मी आधीपासून हेच म्हणत होतो." आत्याने त्यावर काही म्हटलं नाही, पण तिने मनातल्या मनात काय टाइप केलं आणि काय पुसलं ते मला वाचता येत होतं.

तेवढ्यात पाण्याचा गढूळपणा दाखवणारा आकडा खाली आला, चार नंबर पुन्हा कामाला लागला. टेबलावर धुण्याची नोंदवही होती: तारीख, हौद, वेळ, ऑपरेटरची सही. साहेबांनी ती उघडून पेन आत्यापुढे धरलं. त्या वहीत आणि तिच्या आधीच्या सगळ्या वह्यांत पानोपानी तिची सही होती. आत्याने पेन घेतलं, टोपण काढलं, आणि डेअरीवालीच्या हातात दिलं.

"मी कशी करू, ताई? निरीक्षकांसमोर?"

"हौद कोणी धुतला?"

"मी."

"मग?"

डेअरीवालीने सही केली. घाईत रेघेच्या बाहेर गेली. आत्याने वाकून ती नीट वाचली, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून ठेवली, आणि मग मिटली. माझ्याकडे कोणी सही मागितली नाही, आणि ते अगदी योग्य झालं.